नऊ धावा राहिल्या, संघ निघाला

डिसेंबर १९४८. पुण्याच्या पूना क्लब मैदानावर रणजी करंडकाचा महाराष्ट्र-काठेवाड सामना तिसऱ्या दिवशी मध्येच संपला. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या आणि भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. सर डॉन ब्रॅडमन यांनी १९३० मध्ये सिडनीत क्वीन्सलंडविरुद्ध काढलेल्या नाबाद ४५२ धावांचा विश्वविक्रम नऊ धावांवर आला होता. त्याच वेळी काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सामना सोडला.

हे सगळं काठेवाडच्या पहिल्या डावातल्या २३८ धावांच्या उत्तरात चाललं होतं. निंबाळकर आणि के. व्ही. भांडारकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी केली. भांडारकर २०५ वर बाद झाले, निंबाळकर खेळतच राहिले. एकूण ४९४ मिनिटं, ४९ चौकार आणि एक षटकार. ही भागी दुसऱ्या गड्यासाठीचा तेव्हाचा विश्वविक्रम ठरली. १९७४ मध्ये वॉरविकशायरच्या जॉन जेमसन आणि रोहन कन्हाय यांनी नाबाद ४६५ धावा जोडून ती मागे टाकली.

ठाकोरसाहेबांवर आजवर बरीच टीका झाली. महाराष्ट्राच्या कर्णधारानं आणखी दोन षटकं मागितली, पण पाहुण्यांनी ऐकलं नाही, असंही सांगितलं जातं. तरी काठेवाडच्या बाजूनं पाहिलं तर चित्र थोडं वेगळं दिसतं.

सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावाच्या आघाडीवर निकाल लागायचा. म्हणजे महाराष्ट्राच्या २३९ व्या धावेलाच पाहुण्यांच्या हातून सामना निसटू लागला होता, आणि ८२६ वर आघाडी ५८८ झाली होती. महाड-पोलादपूरच्या मैदानांवर रंगणाऱ्या टेनिस बॉलच्या सामन्यांत षटकं मोजकी असतात, म्हणून शेवटच्या चेंडूपर्यंत एकेका धावेला भाव असतो. इथं षटकांना बंधन नव्हतं, आणि पुढच्या धावांनी निकालात तसूभरही फरक पडणार नव्हता. मग काठेवाडच्या गोलंदाजांनी दमायचं ते फक्त विक्रमासाठी. ते त्यांना मान्य नव्हतं.

फलंदाजांच्या राज्यातलाच तो हंगाम होता. पुढच्या मार्चमध्ये पुण्यातच उपांत्य फेरीत मुंबईनं ६५१ आणि ८ बाद ७१४, तर महाराष्ट्रानं ४०७ आणि ६०४ धावा केल्या. सात दिवस चाललेल्या त्या सामन्यात २३७६ धावांचा डोंगर उभा राहिला आणि नऊ शतकं झळकली. मुंबई ३५४ धावांनी जिंकली आणि त्या वर्षीचा करंडकही तिनंच नेला. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात यापेक्षा जास्त धावा कधी झालेल्या नाहीत.

ब्रॅडमन यांचा विक्रम पुढे दोनदा मागे पडला. हनीफ मोहम्मद यांनी १९५९ मध्ये कराचीत ४९९ काढल्या, पाचशेव्या धावेसाठी धावताना ते बाद झाले. ब्रायन लारा यांनी १९९४ मध्ये नाबाद ५०१ धावा केल्या. प्रथम श्रेणीतल्या सर्वात मोठ्या खेळींच्या यादीत निंबाळकरांची खेळी चौथी आहे. भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतली ती आजही सर्वोच्च खेळी आहे.

कोल्हापुरात १९१९ मध्ये जन्मलेल्या निंबाळकरांनी महाराष्ट्राशिवाय बडोदा, होळकर, राजस्थान आणि रेल्वेसाठीही रणजी सामने खेळले. प्रथम श्रेणीत त्यांची सरासरी ४८ च्या आसपास राहिली. कसोटी खेळायला मात्र त्यांना कधीच मिळालं नाही. कसोटीचा शिक्का नसलेल्या खेळाडूनं केलेली यापेक्षा मोठी प्रथम श्रेणी खेळी जगात नाही. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचा सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार त्यांना २००२ मध्ये, वयाची ऐंशी ओलांडल्यावर मिळाला.