चालत्या घड्याळातलं सुकलेलं तेल
लेखांक ७

बॅलन्सचं चाक कसं झुलतं ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आता त्या झुलण्याचा हिशेब मांडू. एचएमटीच्या ‘जनता’मध्ये तासाला १८,००० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला पाच. दिवसाचे झाले ४ लाख ३२ हजार आणि वर्षाचे पावणेसोळा कोटींच्या आसपास. आजच्या अनेक स्विस घड्याळांत तर तासाला २८,८०० ठोके असतात. हे सगळं काम ज्यावर चालतं ते तेल एकेका खड्यापाशी सुईच्या टोकावर मावेल एवढंच असतं. सर्व्हिसिंग किती वर्षांनी करायचं, हा प्रश्न खरं तर या तेलाच्या आयुष्याचा आहे.

‘१७ ज्वेल’ असं तबकडीवर लिहिलेलं असतं, ते खडे कृत्रिम माणकाचे. खड्यांना भोकं पाडून त्यांत आस फिरवण्याच्या युक्तीचं पेटंट लंडनमध्ये १७०४ साली दिलं गेलं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हर्नॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या पद्धतीमुळे कृत्रिम माणिक स्वस्त झालं. माणिक सहसा झिजत नाही, पण त्यात फिरणारी आसाची पोलादी टोकं झिजतात. तेल वर्षांगणिक घट्ट होतं, जागेवरून सरकतं, काही उडूनही जातं. उरलेल्या चिकट थरात धूळ आणि धातूचे बारीक कण मिसळले की तोच थर पोलाद घासू लागतो. मुख्य कमानीच्या डब्याचा आस अनेक घड्याळांत थेट पितळेतच फिरतो. तिथे भोक हळूहळू लांबट होत जातं.

आणि एवढं होऊनही घड्याळ चालत राहतं! कमानीत जोर असतो, ती कोरडी चाकंही ढकलते. म्हणून ‘बंद पडेल तेव्हा बघू’ हा सल्ला मला पटत नाही. घड्याळजीकडचं टाइमग्राफर यंत्र ठोके ऐकून बॅलन्सचा झोका मोजतं. पूर्ण चावी दिलेलं निरोगी घड्याळ आडवं ठेवलं तर हा झोका साधारण २७० ते ३१० अंशांचा भरतो. तो २०० च्या जवळ आला, तर काटे वेळ बरोबर दाखवत असले तरी घड्याळ उघडायलाच हवं.

जुने घड्याळजी तीन-चार वर्षांची मुदत सांगायचे, कारण तेव्हाची तेलं प्राणिज होती. पॉरपॉइज या समुद्री सस्तन प्राण्याच्या जबड्यातलं तेल घड्याळांसाठी नावाजलेलं होतं. कृत्रिम तेलं आल्यावर मुदत लांबली. आज ओमेगा पाच ते आठ वर्षं सांगते, रोलेक्स सुमारे दहा. जुन्या, रोज वापरातल्या चावीच्या घड्याळाला मी पाच-सहा वर्षांपलीकडे जाऊ देणार नाही. कपाटात ठेवलेलं घड्याळ नव्यासारखंच राहतं, हा समजही सोडावा. न वापरताही तेल म्हातारं होतं.

आपल्याकडच्या एचएमटीवाल्यांनी तर जास्तच जपायला हवं. जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने १९६१ साली बंगळुरूत सुरू झालेला हा घड्याळउद्योग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. सुटे भाग आता जुन्या साठ्यातून किंवा मोडीत काढलेल्या घड्याळांतूनच मिळतात. स्विस घड्याळात झिजलेला आस बदलता येईल. इथे तो आधी शोधावा लागेल.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात मात्र वर्षांचं गणितच चालत नाही. जुन्या घड्याळांत चावीच्या दांडीवाटे दमट हवा आत जाते आणि चावीचे पोलादी भाग आधी गंजतात. काचेखाली बाष्प दिसलं, तर ते आपोआप जाईल म्हणून थांबू नका, लगेच घड्याळ उघडून घ्या. दुकानात ‘पूर्ण खोलून साफ करणार ना?’ एवढं नक्की विचारा. जुन्या घाणीवर नवं तेल सोडलं तर ते घासणाऱ्या थरातच मिसळतं. पूर्ण खोलून साफ करताना नेमकं काय काय करतात, ते पुढच्या आठवड्यात.