धडधड (लेखांक ५) : कूलरची पहिली पाच मिनिटं

नागपुरात मार्चनंतर माणसाला काहीही झालं तरी त्याचं कारण ठरलेलं असतं: ऊन लागलं. त्यामुळे नववीतल्या त्या मुलीला सकाळी सात वाजता, म्हणजे उन्हाचा पत्ताही नसताना, मळमळायला लागलं, तेव्हा घरच्यांनी पन्हं पाजलं, दप्तराच्या कप्प्यात कांदा ठेवला, आजीनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मग डॉक्टर झाले. हिमोग्लोबिन, थायरॉइड, ईसीजी, सगळं नीट निघालं. एप्रिलमध्ये आई तिला घेऊन सदरमधल्या माझ्या खोलीवर आली.

"मॅडम, रविवारी ही एकदम चांगली राहते. सोमवारी सकाळी पाहा तुम्ही."

निदान आईनं दारातच करून टाकलं होतं. ज्या आजाराला रविवारची सुट्टी असते, त्याचं मूळ पोटात क्वचितच सापडतं. पण बसण्याआधी तिनं आवाज खाली आणून विचारलं, "पागलखान्यात तर नाही ना पाठवणार?" आमच्याकडे हा प्रश्न येतोच. सदरहून छावणीकडे निघालात की पुढे प्रादेशिक मनोरुग्णालय लागतं, आणि त्याजवळच्या चौकाला ऑटोवाले अजून पागलखाना चौकच म्हणतात. पाटी बदलली तरी तोंडातलं नाव बदलत नाही, आणि त्या नावाच्या धाकानं कितीतरी घरं पाच-सहा महिने 'ऊन लागलं' म्हणत काढतात.

मुलीची गोष्ट साधी होती. (घरच्यांची परवानगी आहे, ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत.) नोव्हेंबरात वर्गात धडा वाचताना ती एका शब्दावर अडखळली, मागच्या बाकावरून कोणीतरी हसलं. एवढंच. मोठ्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल. पण चौदाव्या-पंधराव्या वर्षी चाळीस जोडी डोळे हेच जग असतं. चारचौघांची भीती बहुधा याच वयात डोकं वर काढते, ती उगीच नाही. हिला तेव्हापासून हजेरीपटावरून सरांचं बोट खाली सरकायला लागलं की धडधड सुरू व्हायची. आधी ती पाणी प्यायला बाहेर जायची. मग तो तासच बुडवायला लागली. मग सोमवार गेला, कारण सोमवारी पहिला तास तोच. फेब्रुवारीपर्यंत आठवड्यातले दोन-तीन दिवस शाळा बंद.

गेल्या आठवड्यात आपण धडधडीचं शरीरशास्त्र पाहिलं. आज जी गोष्ट सांगायची आहे ती मला स्वतःला उशिरा कळली: भीती जितकी त्रास देते, त्यापेक्षा तिच्यापासून पळण्याची सवय जास्त नुकसान करते. ही सवय एका जागी थांबत नाही. वाचनाच्या तासापासून सुरू झालेलं टाळणं एप्रिलपर्यंत घरभर पसरलं होतं. ती फोन उचलत नव्हती, पोह्यांच्या ठेल्यावर "तर्री जास्त" एवढंही स्वतः सांगत नव्हती, मावसबहिणीच्या लग्नाला गेली नव्हती.

आणि घर तिला मदत करत होतं. इथे आईबापांना वाईट वाटतं, म्हणून जपून लिहिते. आई शाळेला चिठ्ठी द्यायची: पोट दुखते. बाबा दुकानात तिच्या वतीनं बोलायचे. पाहुण्यांनी "कितवीत आहेस ग?" विचारलं की उत्तर आजी द्यायची. रात्री ती विचारायची, "उद्या काही होणार नाही ना?" आणि आई सांगायची, "काही नाही होत." पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर, पंधरा-वीस वेळा. हे सगळं मायेपोटी. मीही सुरुवातीला त्यात भर घातली. पहिल्या भेटीत मी दीर्घ श्वसन शिकवलं आणि शाळेतून आठवडाभर सुट्टी घ्या म्हटलं. आठवडा संपला तेव्हा भीती दुप्पट झाली होती. विश्रांती दिली असं मला वाटत होतं; प्रत्यक्षात टाळण्यावर मी सही-शिक्का मारून दिला होता.

हे असं का होतं, ते समजायला आपला कूलर बरा. वाळ्याची ताटी कोरडी असताना कूलर लावला की पहिली पाच मिनिटं तो गरमच हवा फेकतो, वर कुबट वास. पंपानं पाणी चढून ताटी भिजली की मग गारवा येतो. आता समजा एखादा माणूस दर वेळी तिसऱ्या मिनिटाला बटण बंद करतो. त्याचा अनुभव काय सांगणार? कूलर म्हणजे गरम हवेचं यंत्र. त्याचं चूकही नाही, त्यानं सहावं मिनिट पाहिलेलंच नाही.

चिंतेचं असंच आहे. माणूस भीतीच्या जागी टिकून राहिला, तर धडधड चढते, शिगेला जाते आणि बहुतेक वेळा आपोआप उतरते. अ‍ॅड्रिनलिनच्या जोरावर शरीर तासन्‌तास सारखं पेटून राहू शकत नाही. पण आपण नेमके शिगेवर असताना पळतो. पळताक्षणी सुटल्यासारखं वाटतं, आणि मेंदू हिशेब मांडतो: पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो आधीच घंटा वाजवतो. जी सुटका औषध वाटते तीच भीतीचं खाद्य असते.

अल्बर्ट एलिस हे नाव मराठी वाचकांना कि. मो. फडके यांच्यामुळे परिचयाचं आहे. एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धती फडके यांनी मराठीत रुजवली. हा एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला भयंकर लाजायचा. एकोणीस वर्षांचा असताना त्यानं स्वतःलाच गृहपाठ दिला: न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसायचं आणि एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. तो नंतर सांगायचा की अशा 130 जणींपैकी 30 उठून गेल्या, 100 जणींशी तो बोलला, एकीनं पुन्हा भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही. हिशेबानं संपूर्ण अपयश. पण लाज गेली, कारण एवढ्या वेळा नकार मिळूनही आभाळ कोसळलं नव्हतं. (आजच्या मुलांनी हा प्रयोग शब्दशः करू नये, एवढं सांगणं भाग आहे. अनोळखी बाईला बाकावर शांत बसू द्यावं. घ्यायची ती पद्धत.)

आईबापांच्या वाट्याचं काम येल विद्यापीठाच्या एली लेबोविट्झ यांनी नेमकेपणानं तपासलं. 2020 मध्ये त्यांनी 124 मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटात उपचार थेट मुलांवर झाले. दुसऱ्या गटात मुलांना बोलावलंच नाही. फक्त पालकांना शिकवलं, की मुलाच्या भीतीशी जुळवून घेणं हळूहळू कसं कमी करायचं. दोन्ही गटांतली मुलं सारखीच सुधारली. ज्या घरातला मुलगा "मी नाही येणार मॅडमकडे" म्हणून दार लावून बसतो, त्या घरासाठी ही मोठी बातमी आहे. त्याला ओढून आणू नका. तुम्ही या.

सुट्टीत आम्ही पायऱ्या आखल्या. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, म्हणजे दोन महिने हाती होते. आजीला रोज एक पान मोठ्यानं वाचून दाखवायचं. दुकानात फोन करून विचारायचं, "किती वाजेपर्यंत उघडं राहते?" मंगळवारी बाजारात भाजीचा भाव विचारायचा आणि न घेता पुढे जायचं; ही पायरी तिला सगळ्यांत कठीण गेली, कारण भाजीवाली बाई "घ्यायचं नाही तर विचारते कायले?" म्हणालीच. तेव्हा ती रडवेली होऊन आली होती. पण आली ती चालत. मग संध्याकाळी बंद शाळेच्या फाटकापर्यंत. मग दोन मैत्रिणींसमोर वाचन, आणि त्यातल्या एकीला आधीच सांगून ठेवलं होतं: मधेच हस. प्रत्येक पायरीवर नियम एकच, धडधड थोडी उतरल्याशिवाय तिथून हलायचं नाही.

घरच्यांना मी फक्त एक वाक्य दिलं होतं. "काही नाही होत" बंद. त्याऐवजी, "भीती लागून राहिली ना? लागते. पण तुझ्यानं होते." वाक्याचे दोन्ही भाग हवेत. नुसता पहिला म्हणाल तर मूल आणखी बिलगतं, आणि नुसता दुसरा म्हणजे वडिलांचं जुनं पालुपद, 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं.' होतं. फक्त त्याला नाव नव्हतं.

हे सगळं कुठे लागू नाही, तेही स्पष्ट हवं. वर्गात कोणी खरोखर छळत असेल, शिकवणीत कोणी अंगचटीला येत असेल, तर मुलाची भीती बरोबर आहे; तिथे पायऱ्या नकोत, छळ थांबवायला हवा. भीतीनं जेवण-झोप आठवड्यांमागून आठवडे गेली असेल, तर मेयो किंवा मेडिकल रुग्णालयाच्या मनोविकार ओपीडीत दाखवा. औषधाचं नाव काढताच घाबरू नका. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 488 मुलांच्या अमेरिकी अभ्यासात, नुसत्या वर्तनोपचारानं सुमारे 60 टक्के आणि नुसत्या औषधानं सुमारे 55 टक्के मुलं सुधारली, दोन्ही मिळून सुमारे 81 टक्के. आणि मूल मरणाची भाषा करत असेल तर उद्यावर ढकलू नका, त्याला एकटं सोडू नका. सरकारची 'टेलि-मानस' सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास आहे, फुकट आहे, आणि मराठीत बोलता येतं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तिनं वर्गात अर्धं पान वाचलं. आई सांगायला आली तेव्हा रडत होती. मी मुलीला विचारलं, हात थरथरला का? म्हणाली, थरथरला, पण कोणाला दिसला नाही. पुस्तकाखाली वहीचा जाड पुठ्ठा धरला होता, म्हणजे पान हलत नाही. युक्ती छान आहे, आणि तेही टाळणंच आहे. पुठ्ठा कधी सोडायचा यावर आमची घासाघीस चालू आहे. ती दिवाळीनंतर म्हणते, मी पोळ्यावर अडून बसले आहे.

(पुढच्या आठवड्यात : रात्रीचे दोन, मोबाइल आणि न येणारी झोप)