रुग्णाच्या उशाशी विद्यार्थी

मादन हिप्परगा हे नाव आमच्या गोमंतकीय वाचकांपैकी फारच थोड्यांच्या कानांवरून गेले असेल. कलबुरगी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातील हे गाव. अक्कलकोट आणि उमरगा हे महाराष्ट्राचे तालुके या मुलखाला लागूनच आहेत. १९५६ पर्यंत हा सारा प्रदेश हैदराबाद राज्यात होता. भाषावार प्रांतरचनेत तो तेव्हाच्या म्हैसूर राज्याकडे गेला, आणि घरात मराठी, बाजारात कानडी अशी दुपदरी वहिवाट तेथील अनेक कुटुंबांच्या वाट्याला आली. अशा गावातील एखाद्या म्हातारीला मोठे दुखणे जडले, की तिला दोनच वाटा उरतात. एक कलबुरगीची, दुसरी सोलापूरची. दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. सोलापूरचे महाविद्यालय १९६३ चे, कलबुरगीचे सरकारी महाविद्यालय २०१३ चे.

सरकारी रुग्णालयात ही म्हातारी दाखल झाली, की दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या खाटेभोवती पांढरे डगले घातलेली दहा-बारा मुले उभी राहतात. कोणी तिचा हात न विचारता उचलतो, कोणी पोट चेपून पाहतो, कोणी पापणी खाली ओढतो. प्राध्यापक इंग्रजीत काही सांगतात, मुले वहीत उतरवून घेतात, आणि घोळका पुढच्या खाटेकडे सरकतो. आपल्याला काय झाले आहे, हे त्या दहा मिनिटांत म्हातारीखेरीज सर्वांना कळलेले असते. जाता जाता एखादा विद्यार्थी मित्राला म्हणतो, ‘केस चांगली आहे.’ जी ‘केस’ चांगली, तिच्या घरच्यांना बहुधा वाईट बातमी ऐकावी लागते, हे त्या मुलाच्या ध्यानीमनीही नसते.

हे चित्र एका गावाचे वा एका रुग्णालयाचे नाही. बांबोळीतील आमच्या रुग्णालयात सावंतवाडी-दोडामार्गापासून कारवारपर्यंतची माणसे येतात, आणि थोड्याफार फरकाने त्यांनाही हाच अनुभव येतो. मोठ्या शहरातील श्रीमंत मनुष्य खासगी इस्पितळात स्वतंत्र खोली घेतो. त्याच्या अंगाला विद्यार्थ्याचा हात लागत नाही. उद्याचा निष्णात शल्यविशारद आपली विद्या शिकतो ती मादन हिप्परग्याच्या म्हातारीच्या देहावर. तिला औषध फुकट मिळते हे खरे, पण विद्यार्थ्याला मिळते ती विद्याही तिच्याकडून फुकटच मिळते. या देवघेवीत विद्यार्थ्याने तिचे काही देणे लागते की नाही, हाच खरा प्रश्न आहे.

आमच्या मते ते देणे लागते, आणि हा विचार काही पाश्चात्त्यांकडून आलेला नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याला विद्या देण्यापूर्वी आचार्य अग्नीच्या साक्षीने जे नियम घालून देतात, त्यांत हे सारे आहे. रुग्णाच्या घरात जावे ते परवानगी घेऊन आणि त्या घरच्यांना परिचित असलेल्या माणसाला बरोबर घेऊन. आत गेल्यावर वाणी, मन, बुद्धी आणि इंद्रिये रुग्णाच्या हितावाचून अन्यत्र वळू देऊ नयेत. त्या घरातील आचारविचार बाहेर सांगू नयेत. रुग्णाचे आयुष्य सरत आले आहे हे कळले, तरी जेथे सांगितल्याने त्याला किंवा इतर कोणाला धक्का बसेल तेथे ते बोलू नये. ज्ञान असले तरी त्याची बढाई मारू नये. या नियमांचे शतकानुशतके कितपत पालन झाले ते बाजूला ठेवू, पण हे नियम वैद्याला नव्हे, शिष्याला सांगितलेले आहेत, इकडे आमच्या शिक्षणतज्ज्ञांनी पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही. अर्थात याच उपदेशात राजाचा रोष झालेल्यावर उपचार करू नयेत आणि पती किंवा पालक जवळ नसताना स्त्रीला औषध देऊ नये, असेही आहे. आजच्या डॉक्टराला ते मानता येणार नाही आणि मानूही नये. जुने म्हणून सारेच शिरोधार्य, ही वृत्ती वैद्यकात तरी घातकच.

२०२२ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नव्या विद्यार्थ्यांसाठी चरकाच्या नावाच्या शपथेची शिफारस केली, तेव्हा देशात वादळ उठले. मदुराईच्या महाविद्यालयात ती शपथ दिली गेली म्हणून अधिष्ठात्यांची उचलबांगडी झाली आणि थोड्याच दिवसांत त्यांना पुन्हा त्याच जागी बसविण्यात आले. शपथ हिपोक्रेटिसची घ्यावी की चरकाची, यावर अग्रलेख झडले. वॉर्डातल्या रुग्णाला कोणी विचारले नाही. त्याला विचारले असते तर तो म्हणाला असता, की शपथ कोणतीही घ्या, पण अंगावरची चादर काढण्याआधी पडदा तेवढा ओढा.

नियमांची वाण आहे असे नाही. २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आहे. आरंभीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषा शिकविण्याची तरतूद आहे. विद्यार्थ्यांनी प्रत्येकी काही ग्रामीण कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्याकडे जात राहावे, अशीही योजना आहे. शवविच्छेदनाला आरंभ करण्यापूर्वी मृतदेहाचा मान राखण्याची प्रतिज्ञा अनेक महाविद्यालयांत मुलांकडून म्हणवून घेतली जाते, आणि ती प्रथा आम्हांस मनापासून आवडते. परंतु मृताला नमस्कार करणारा तोच विद्यार्थी दोन वर्षांनी जिवंत माणसाला ‘बारा नंबर’ म्हणून हाक मारू लागतो, याचे कारण पुस्तकात सापडायचे नाही. त्याचे वरिष्ठ तसेच बोलतात म्हणून तो तसे बोलतो. विद्यार्थी व्याख्यानातून नीती ऐकतो आणि वॉर्डातून ती शिकतो.

वरिष्ठांचा हा प्रभाव किती दूरवर जातो याची खूण मुंबईत २०१९ च्या मे महिन्यात पटली. जळगाव जिल्ह्यातून आलेली, आदिवासी तडवी समाजातील डॉ. पायल तडवी ही पदव्युत्तर विद्यार्थिनी नायर रुग्णालयात शिकत असताना तिने जीवन संपविले. वरिष्ठ निवासी डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. निवाडा न्यायालय देईल. पण जेथे शिकणाऱ्यांनाच एकमेकांविषयी आदर राखता येत नाही, तेथे त्यांनी परक्या, अशिक्षित, रांगेत ताटकळणाऱ्या रुग्णाचा आदर करावा ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, हेही येथे नमूद करून ठेवतो.

भाषेचा मुद्दा वर ओझरता आला, पण तो ओझरता नाही. मराठी माणूस डॉक्टरासमोर ‘पोटात दुखते’ एवढेच म्हणत नाही. पोटात कळ मारते, मुरडा येतो, ढवळून येते, भगभगते, तुटते, असे तो म्हणतो. प्रत्येक शब्दामागे निराळे दुखणे असते. घेरी येणे आणि जीव घाबरा होणे यांत हृदय आणि मस्तक एवढे अंतर असू शकते. अखिल भारतीय कोट्यातून कलबुरगीस आलेल्या केरळच्या किंवा बिहारच्या मुलाला हे ठाऊक असणार कसे? कानडी शिकली तरी सीमेवरच्या म्हातारीची मराठी उरतेच. मग वॉर्डातील आया दुभाषी होते, आणि म्हातारीच्या तीन वाक्यांचा ‘पोटदुखी’ असा एक शब्द करून मोकळी होते. आमच्या गोव्यात १८४२ पासूनच्या वैद्यकशाळेचा आम्ही अभिमानाने उल्लेख करतो, पण मुक्तीपर्यंत तिची शिक्षणभाषा पोर्तुगीज होती आणि रुग्णांची कोकणी नि मराठी. आज तेथे इंग्रजी आली एवढाच काय तो फरक.

हे अवघड आहे असे ज्यांना वाटते त्यांनी सोलापूरच्याच एका सुपुत्राकडे पाहावे. द्वारकानाथ कोटणीस मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडले आणि १९३८ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धग्रस्त चीनमध्ये गेले. तेथे त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली, जखमी सैनिकांशी ते त्यांच्या भाषेत बोलत आणि चिनी विद्यार्थ्यांना त्याच भाषेत शिकवीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते तेथेच वारले. तोफांच्या आवाजात चिनी शिकणे त्यांना जमले, तर साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमात रुग्णाच्या भाषेतील दोनशे शब्द शिकणे आमच्या मुलांना जमू नये काय?

आमची सूचना साधी आहे. वैद्यकाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला रुग्णालयातील रुग्णच बसवतात. बाक घालून सकाळपासून बसलेल्या त्या माणसांना दिवसभर अनेक मुले तपासतात, आणि बाहेरून आलेला परीक्षक मुलाने निदान बरोबर केले की नाही तेवढे विचारून गुण देतो. त्याच गुणपत्रिकेत दोन रकाने वाढवावेत आणि ते रुग्णाला विचारून भरावेत. या मुलाने तुमचे नाव विचारले काय? हात लावण्यापूर्वी काय करणार ते तुमच्या भाषेत सांगितले काय? उत्तर नाही असे आले, तर निदान अचूक असूनही त्या मुलास पुढच्या सहामाहीत पुन्हा बसवावे. आळंद तालुक्यातील म्हातारी अशा वेळी काय उत्तर देईल, ते तिच्या खाटेशी उभे राहणाऱ्या प्रत्येक मुलाच्या मनात पहिल्या दिवसापासून असले पाहिजे, आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या प्राध्यापकांच्याही.