भाड्याची घरे व परिसरातील घरांच्या किंमती

वस्तीतील भाड्याच्या घरांचा लगतच्या मालकी घरांच्या बाजारमूल्यावर होणारा परिणाम. घराची किंमत केवळ जागा व बांधकाम यांवर ठरत नाही. पाणी, रस्ते, स्वच्छता व शेजारच्या इमारतींची स्थिती यांचाही तीत अंतर्भाव होतो. भाडेकरूंमुळे परिसराचे मूल्य घटते, असा समज रूढ आहे. तथापि अशी घट पुष्कळदा दुरुस्तीच्या अभावामुळे होते.

दुरुस्तीचा प्रश्न भाडेनियंत्रणाशी निगडित आहे. भाडी दीर्घकाळ गोठली, की त्यांतून दुरुस्तीचा खर्च निघत नाही. भाड्यावरून घराचे मूल्यही ठरते. उदा., वार्षिक निव्वळ भाडे १२,००० रु. असल्यास ८ टक्के दराने घराचे मूल्य १,५०,००० रु. येते, तेच घर मोकळे होऊन ६०,००० रु. भाडे देऊ लागल्यास ते ७,५०,००० रु. होते. मोडकळीस आलेल्या घराची अवकळा शेजारच्या घरांनाही बाधते. अमेरिकेतील केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथे १९९५ मध्ये भाडेनियंत्रण उठले, तेव्हा कधीच नियंत्रणाखाली नसलेल्या लगतच्या घरांच्या किंमतीही वाढल्याचे अभ्यासांती आढळले. मात्र किंमतवाढीबरोबर भाडीही वाढतात व अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांना वस्ती सोडावी लागण्याचा धोका संभवतो.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. हा प्रदेश पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील असल्याने मराठवाड्यातील घरभाड्यांस १९५४ चा हैदराबाद कायदा, तर मुंबईत १९४७ चा कायदा लागू होता. ३१ मार्च २००० पासून अंमलात आलेल्या ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९’ ने या दोहोंची जागा घेतली. त्यानुसार भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढ करता येते, करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक असते आणि जागा सुस्थितीत राखण्याची जबाबदारी घरमालकावर असते. जालना शहरातील पोलाद व बियाणे उद्योगांमुळे बाहेरगावच्या कामगारांना भाड्याच्या खोल्यांची गरज भासते. अशा मागणीने आसपासच्या जागांना भाव येतो. परंतु खोल्या वाढूनही पाणी, सांडपाणी व दुरुस्ती यांची सोय न वाढल्यास हा लाभ टिकत नाही.