टपावर घेतलेलं वर्ध्याचं ऊन

वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यात कवठा (झोपडी) नावाचं गाव आहे. तिथल्या बचत गटांच्या बायकांनी आयआयटी मुंबईकडून प्रशिक्षण घेतलं आणि आपल्या सहकारी संस्थेत सौर पॅनल तयार करायला सुरुवात केली. पॅनल कसा बनतो हे समजलं की टपावरच्या त्या काचेकडे बघायची नजरच बदलते.

सिलिकॉनची एक चकती, म्हणजे सेल, मिलिमीटरच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढी जाड असते. उन्हात धरली की ती अर्धा व्होल्ट देते. त्यावर साधा एलईडीही पेटत नाही. पण अशा 36 चकत्या एकापुढे एक डाखून जोडल्या की 18 व्होल्ट मिळतात. सूर्यापासून निघून आठेक मिनिटांत इथे पोचलेला प्रकाश सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन मोकळा करतो आणि वीज वाहू लागते. आत काही फिरत नाही, जळत नाही, आवाजसुद्धा होत नाही!

या विजेवर चाकांवरचं घर चालतं का? चालतं. तेव्हा आयआयटी मुंबईत प्राध्यापक असलेले चेतनसिंह सोळंकी 26 नोव्हेंबर 2020 ला भोपाळहून एका बसमधून एनर्जी स्वराज यात्रेला निघाले. यात्रा 2030 पर्यंत चालवायची आणि तोवर घरी परतायचं नाही, असा त्यांचा संकल्प. स्वराज्याची प्रेरणा गांधीजींची, म्हणजे वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या मातीशी नातं सांगणारी. बसवर 3.2 किलोवॉटचे पॅनल, आत 6 युनिट साठवणारी बॅटरी. राहणं, काम, स्वयंपाक, सगळं तिच्यावरच.

गाडीमागे ओढायचं दोन माणसांचं छोटं घर, म्हणजे ट्रेलर, त्याला एवढं काही लागत नाही. 5 वॉटचे दोन दिवे पाच तास, म्हणजे 50 वॉट-तास. 25 वॉटचा डीसी पंखा रात्रभर, आठ तास, म्हणजे 200. दोन मोबाइलचे 30. एकूण 280, विजेच्या बिलातल्या एका युनिटच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी! आपल्याकडे चांगल्या दिवसाला पाच तासांचं भरघोस ऊन धरता येतं. गळती वजा जाता 100 वॉटचा एकच पॅनल साधारण 375 वॉट-तास देतो. पावसाळ्यात मात्र हा हिशोब धरू नका. 12 व्होल्ट, 50 अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी रात्र आरामात काढते. मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच, नाहीतर बॅटरी प्रमाणाबाहेर चार्ज होऊन खराब होते.

12 व्होल्टच्या बॅटरीला 18 व्होल्टचा पॅनल कशाला? चार्ज व्हायला बॅटरीला 14 च्या वर व्होल्ट लागतात, आणि ऊन तापलं की पॅनलचे व्होल्ट उतरतात. सेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको. मेमध्ये वर्ध्यात पॅनल 65 अंशांपर्यंत तापला, तर छापील वॉटांतले सुमारे पंधरा टक्के गेलेच समजा. म्हणून पॅनल टपाला चिकटवू नका, खालून वारा जाईल एवढी फट ठेवा. मेच्या 24 तारखेच्या आसपास भरदुपारी सूर्य इथे थेट डोक्यावर असतो, त्यामुळे आडवा पॅनलही तेव्हा सूर्याच्या बरोबर समोर येतो. निसर्गाची ही देणगी मला फार मोलाची वाटते.

सावलीचं गणित त्याहून विलक्षण. सगळे सेल एकाच रांगेत, म्हणून साऱ्यांतून वीज सारखीच वाहायला हवी. एका सेलवर पळसाचं पान पूर्ण पसरलं की तो सेल अडतो. पॅनलमागच्या डबीतला डायोड मग त्याच्यासकट 18 सेलांना वळसा घालून वीज पुढे नेतो. उरलेले 18 सेल नऊ व्होल्ट देतात, आणि नऊ व्होल्टवर बॅटरी चार्ज होत नाही. पॅनलचा बाकी सगळा भाग उन्हात असतो, तरी! म्हणून माणसांनी लिंबाखाली बसावं, ट्रेलर उन्हात उभा करावा.

जोडणीचा क्रम पाळा. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडा, मग पॅनल, आणि काढताना उलट. बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज लावा. 12 व्होल्टवर तेवढ्याच कामाला जास्त अँपिअर वाहतात, तेव्हा वायर जाड आणि आखूड घ्या. आणि चहा गॅसवरच करा: 1500 वॉटची इंडक्शन शेगडी वीस मिनिटांत 500 वॉट-तास खाते, म्हणजे तुमच्या पॅनलच्या अख्ख्या दिवसाच्या कमाईहून जास्त.