पासाडेनातला फसलेला प्रयोग

नील बार्टलेटची गोष्ट रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. मला मात्र कित्येक वर्षं तिच्या आधीची गोष्ट छळते आहे, १९३३ सालची, फसलेली.

राजवायूंचा धडा आपण शाळेतच गिरवला. बाहेरचं कवच भरलेलं, म्हणून कुणाकडून इलेक्ट्रॉन घ्यायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. आर्गॉनचा शोध लागल्यावर लगेचच, १८९५ मध्ये, विल्यम रॅम्झेनं त्याचा नमुना पॅरिसला आंरी म्वासाँकडे धाडला. फ्लोरीन प्रथम वेगळा करणारा हाच तो म्वासाँ. पण त्याच्या फ्लोरीनपुढेही आर्गॉन ढिम्म राहिला.

त्यात आश्चर्य नव्हतं. आर्गॉनचा इलेक्ट्रॉन सोडवायला १५.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, त्याच्याच जातीच्या झेनॉनचा जेमतेम १२.१ मध्ये सुटतो. झेनॉनच्या अणूत ५४ इलेक्ट्रॉन. सगळ्यात बाहेरचे केंद्रापासून लांब, त्यामुळे पकड ढिली. वाल्थर कोसेलनं १९१६ मध्येच सुचवलं होतं की क्रिप्टॉन आणि झेनॉनची फ्लोराइडं होऊ शकतील. १९३३ मध्ये लायनस पॉलिंगनं तेच आणखी ठामपणे लिहिलं, तेही अँटिमनीच्या आम्लांवरच्या लेखात, जाता जाता. आवर्तसारणीत झेनॉनच्या डावीकडे अँटिमनी, टेल्युरियम, आयोडीन बसतात. त्यांच्या आम्लांचा क्रम पुढे ओढला की झेनॉनचंही आम्ल दिसू लागतं!

पॉलिंगच्याच कॅलटेकमध्ये, पासाडेनात, डॉन यॉस्ट आणि त्याचा विद्यार्थी अल्बर्ट के यांनी प्रयोग मांडला. झेनॉन दुर्मीळ, हाती आलेला अगदी थोडा. फ्लोरीन बाजारात मिळत नव्हता, तो प्रयोगशाळेतच तयार करायचा. क्वार्ट्झच्या उपकरणात दोन्ही वायू भरून त्यांनी विजेचा विसर्ग सोडला. संयुग काही सापडलं नाही. त्यांनी तसा छोटा लेख छापला, आणि फ्लोराइड अस्तित्वातच असू शकत नाही असा अर्थ यातून निघत नाही, हेही नमूद केलं.

हे वाक्य पुढे कुणी वाचलंच नाही, असं माझं मत झालं आहे. लेखातलं अपयश तेवढं उरलं, पाठ्यपुस्तकांतल्या भरलेल्या कवचाच्या ‘अष्टक’ नियमाला त्यानं बळ दिलं, आणि जवळपास तीस वर्षं बहुतेकांनी झेनॉनचा नाद सोडला. दोष यॉस्ट आणि के यांचा नाही. दोष लेखाचा फक्त निकाल लक्षात ठेवणाऱ्यांचा.

मग व्हँकुव्हर. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात बार्टलेट आणि डेरेक लोमान यांना कळलं की प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड प्राणवायूच्या रेणूचासुद्धा इलेक्ट्रॉन हिसकावतो. झेनॉनची आयनीभवन ऊर्जा जवळपास तितकीच, हे बार्टलेटच्या लक्षात आलं. २३ मार्च १९६२, शुक्रवारची संध्याकाळ. हेक्झाफ्लोराइडची लाल वाफ आणि रंगहीन झेनॉन यांच्यामधला काचेचा अडसर त्यानं फोडला, आणि क्षणात पिवळसर घन पदार्थ तयार झाला.

त्यानंतर तर रांगच लागली. त्याच वर्षी अरगॉन नावाच्या प्रयोगशाळेत क्लासन, सेलिग आणि माम यांनी झेनॉन आणि फ्लोरीन निकेलच्या भांड्यात ४०० अंश सेल्सिअसला तापवून टेट्राफ्लोराइड मिळवलं. जर्मनीत म्युन्स्टरला रुडॉल्फ होपं डायफ्लोराइडपर्यंत पोचला. त्या रेणूत तीन अणू एका रेषेत असतात, मध्ये झेनॉन. चार इलेक्ट्रॉन तिघांत मिळून वाटलेले. आयोडीनच्या अशाच आयनांसाठी पिमेंटेल आणि रंडल यांनी १९५१ मध्येच हे स्पष्टीकरण दिलेलं होतं. म्हणजे सिद्धान्तही तयार होता, फक्त झेनॉनला लावायचा राहिला होता. फ्लोरीनच्या दोन अणूंमधला बंध कमकुवत, तो तोडायला फार ऊर्जा लागत नाही. म्हणून झेनॉनशी त्याचा व्यवहार जमतो.

सगळ्यात झोंबणारी बाब १९६५ मध्ये पुढे आली. कोरड्या काचेच्या भांड्यात झेनॉन आणि फ्लोरीन भरून नुसतं उजेडात ठेवलं तरी डायफ्लोराइडचे स्फटिक धरतात. आणि पासाडेना कॅलिफोर्नियात आहे, उन्हाची तिथे कधीच वाण नव्हती.

बार्टलेटनं हा पाठलाग मोठं मोल देऊन केला. जानेवारी १९६३ मध्ये झेनॉनच्या संयुगाचा स्फोट होऊन तो आणि त्याचा सहकारी पी. आर. राव दोघे रुग्णालयात पोचले. त्या धोक्याचा इशारा त्यांनी लगेच ‘सायन्स’मध्ये छापला. नोबेल त्याला मिळालं नाही, ही माझ्या मते समितीची ढोबळ चूक. त्या पिवळ्या घनाचं त्यानं लिहिलेलं सूत्रही फार सोपं होतं: तो एकच पदार्थ नव्हता, मिश्रण होतं. आणि हे २००० साली एन. के. झा यांच्यासह इतर सहकाऱ्यांबरोबर लिहिलेल्या लेखात मांडलं ते खुद्द बार्टलेटनंच.