नाकाला जे कळत नाही

रसायनांच्या कारखान्यात नव्याने लागलेल्या माणसांना पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की समजा कुठे गळती झाली, तर तुम्हाला कळणार कसं? लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामगारांचं प्रशिक्षण बघायला बसलो होतो, तेव्हा तिथल्या सुरक्षा अधिकारी बाईंनी सुरुवातच या प्रश्नाने केली. समोर वीसेक माणसं होती. निम्मी खेड-चिपळूणच्या आसपासच्या वाड्यांमधली, निम्मी ठेकेदाराने आणलेली, बिहार-झारखंड-ओडिशाकडची. बाई मराठीत बोलायच्या आणि तेच लगेच हिंदीत सांगायच्या. उत्तर मात्र दोन्ही भाषांतून एकच आलं. ‘वास येईल ना, मॅडम.’

हे उत्तर अडाणीपणाचं नाही. घरात गॅस गळला तर आपल्याला वासानेच कळतं. पण तो वास गॅसचा नसतोच. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा म्हणावा असा वास नाही, गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं मरकॅप्टन मुद्दाम मिसळलेलं असतं. कुणीतरी आपल्यासाठी ती काळजी घेऊन ठेवलेली आहे. कारखान्यातल्या पिंपांमध्ये अशी काळजी कुणी मिसळून ठेवलेली नसते. बाईंनी हे सांगितलं तेव्हा खोलीतली कुजबूज थांबली.

मग त्यांनी हायड्रोजन सल्फाइड घेतला. रंगाच्या आणि औषधांच्या कारखान्यांत सोडियम सल्फाइड वापरतात. त्याचं सांडपाणी आणि ॲसिडचं सांडपाणी चुकून एका टाकीत गेलं, की हा वायू सुटतो. हवेत अगदी थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास पोचला, की नाकाची वास ओळखण्याची शक्तीच बधिर होते. म्हणजे वायू वाढत जातो आणि वास नाहीसा होतो. माणसाला वाटतं, गेला वाटतं वायू, आणि तो टाकीत उतरतो. हवेपेक्षा जड असल्यामुळे वायू तळाशीच बसलेला असतो.

‘आणि तो खाली पडला, तर तुम्ही काय कराल?’

‘उतरणार. आपला माणूस आहे, सोडणार कसा?’ हे बोलणारा गडी पंचविशीचा असेल.

सांडपाण्याच्या टाकीत एकामागोमाग तीन-चार माणसं गेल्याच्या बातम्या आपण पुन्हा पुन्हा वाचतो, त्यांच्या मागे ही माया असते. पहिला गुदमरतो, बाकीचे त्याला काढायला जातात. बाईंनी त्या मुलाला गप्प केलं नाही. ‘तुझ्या माणसाला वाचवायचं ना? मग तो उतरायच्या आधी वाचव,’ म्हणाल्या. उतरणाऱ्याच्या अंगावर पट्टा हवा, पट्ट्याला दोर हवा, दोर टाकीच्या तोंडावरच्या तिवईला लावलेला हवा, आणि वर एक माणूस हवा ज्याला दुसरं कुठलंही काम दिलेलं नाही. आधी मीटर खाली सोडून हवा तपासायची, ऑक्सिजन किती आणि विषारी वायू किती ते बघायचं, आणि परमिटवर सही झाल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. हे सगळं त्यांनी दोन वेळा सांगितलं आणि तिसऱ्या वेळी त्या मुलाकडूनच वदवून घेतलं. त्याला क्रम नीट येईपर्यंत त्यांनी पुढचा विषय काढला नाही.

माझ्या मनात जास्त घर करून राहिलं ते ॲनिलिन. रंग, औषधं, रबरासाठी लागणारी रसायनं अशा कितीतरी गोष्टींच्या मुळाशी हा तेलकट द्रव असतो. कातडीवर पडला तर जळजळत नाही. ॲसिड पडलं की माणूस उडी मारतो, नळाकडे धावतो. ॲनिलिन पडलं तर तो हात पँटला पुसतो आणि कामाला लागतो. ते कातडीतून आत शिरतं, रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप पालटतं आणि त्याची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद काढून घेतं. ओठ आणि नखं निळसर होतात. परिणाम दिसायला कधी काही तास लागतात, तोपर्यंत शिफ्ट सुटून माणूस खोलीवर पोचलेला असतो. उन्हाळ्यात घामेजल्या अंगातून ते आणखी लवकर आत जातं. दारू घेतली तर हाल अधिकच.

यातली भयंकर गोष्ट अशी, की सुरुवातीला त्या माणसाला काहीच वाटत नाही. ओठ निळे झालेत हे त्याला दिसत नाही, समोरच्याला दिसतं. म्हणून बाई सगळ्यांना जोड्या लावून समोरासमोर उभं करतात आणि एकमेकांचे ओठ आणि नखं नीट बघून घ्यायला सांगतात. रोजच्या उजेडात आपला जोडीदार कसा दिसतो हे ठाऊक असलं, तरच बदल कळतो. माणसं आधी लाजली. एकमेकांच्या तोंडाकडे असं निरखून बघायची सवय कुणाला असते? पण थोड्या वेळाने एकाने जोडीदाराची नखं उजेडाला धरून बघितली, तसं सगळे मन लावून बघू लागले.

कोविडच्या काळापासून बोटाला लावायचं ऑक्सिमीटर बऱ्याच जणांच्या ओळखीचं झालंय. त्याचा भरवसा इथे धरता येत नाही, हेही त्यांनी सांगितलं. अशा विषबाधेत ते यंत्र फसतं. अवस्था गंभीर होत गेली तरी आकडा पंच्याऐंशीच्या आसपास अडकून राहतो आणि ऑक्सिजन लावूनही हलत नाही. यावर मेथिलीन ब्लू नावाचं औषध शिरेतून देतात, ते द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतात. पण डॉक्टरला ॲनिलिनचं नाव कुणीतरी सांगायला हवं. त्यासाठी प्रत्येक पेशंटसोबत माहितीपत्रक गेलंच पाहिजे, असा इथला नियम आहे. कपडे लगेच उतरवायचे, अंग साबण-पाण्याने धुवायचं, केस आणि नखांच्या कडासुद्धा. चामड्याचे बूट भिजले असतील तर ते धुऊन पुन्हा घालायचे नाहीत, टाकूनच द्यायचे, कारण चामड्यात मुरलेलं निघत नाही.

हातमोज्यांचा धडा त्यांनी बोलून दिला नाही. खोबरेल तेलात कुंकू कालवून आणलं होतं. चौघांना हातमोजे घालायला लावले, ते तेल चोळायला दिलं, एक रिकामा डबा इकडून तिकडे ठेवायला लावला आणि मग म्हणाल्या, ‘आता नेहमी काढता तसे काढा.’ चौघांनीही बोटांची टोकं ओढून हातमोजे काढले. चौघांच्याही मनगटांवर लाल होतं. एकाच्या कपाळावर घाम पुसल्याची लाल रेघ होती, दुसऱ्याच्या मोबाइलच्या काचेवर ठसा. तो मोबाइल रात्री घरी कुणाच्या हातात जातो, एवढंच बाईंनी विचारलं. त्याची मुलगी तीन वर्षांची होती. मग मनगटाकडची कड धरून हातमोजा उलटा कसा सोलायचा, दुसरा त्याच्याच आत कसा गुंडाळायचा, हे प्रत्येकाने मनगट कोरं राहीपर्यंत केलं. हातमोजा कशाचा आहे तेही बघायचं असतं. सगळीकडे सर्रास वापरतात तो नायट्राइलचा हातमोजा ॲनिलिनला फार वेळ थोपवत नाही, तिथे ब्युटाइल रबर लागतं. हातात काहीतरी घातलंय म्हणजे हात वाचला, ही समजूत उघड्या हातापेक्षा वाईट, कारण मग माणूस निर्धास्त होतो.

भोपाळचा विषय निघणं साहजिक होतं. १९८४ च्या डिसेंबरमधल्या त्या रात्री गळती सुरू झाली, तेव्हा कामगारांना तिचा पत्ता लागला तो डोळे चुरचुरल्यामुळे. हजारो माणसं रुग्णालयात लोटली तेव्हा हा वायू नेमका कोणता आणि त्यावर काय करायचं, हे तिथल्या डॉक्टरांनाही धड माहीत नव्हतं. तोंडावर ओलं फडकं धरा, एवढी साधी गोष्टसुद्धा वस्तीला कुणी आधी सांगून ठेवली नव्हती. त्यानंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देणं मालकावर बंधनकारक झालं, आणि जीव धोक्यात आहे असं वाटलं तर ते वरिष्ठांच्या नजरेला आणण्याचा हक्क कामगाराला मिळाला. १९८९ च्या नियमांनी प्रत्येक घातक रसायनाचं माहितीपत्रक सक्तीचं केलं. नव्या श्रमसंहितेतही या तरतुदी आहेत. कागदावर आपण कमी पडलेलो नाही.

पण त्या कागदाची गत अनेक ठिकाणी काय होते? माहितीपत्रकाचे सोळा विभाग असतात, इंग्रजीत, बारीक टायपात, प्रयोगशाळेतल्या फाइलमध्ये. रजिस्टरवर ‘मला माहिती समजावून सांगण्यात आली’ असं छापलेलं असतं आणि खाली सह्या, अंगठे. मला या सह्यांची चीड येते. सही घेऊन जबाबदारी कामगाराच्या खांद्यावर सरकवायची आणि याला प्रशिक्षण म्हणायचं, हा अन्याय आहे. या बाई त्या सोळांतले चार विभाग काढून घेतात : धोका काय, प्रथमोपचार काय, हाताळायचं-साठवायचं कसं, अंगावर काय घालायचं. तेवढंच मोठ्या अक्षरांत, मराठी-हिंदीत, त्या त्या रिअॅक्टरपाशी लावतात. सही त्याही घेतात, पण माणसाने तिथे उभं राहून ते स्वतःच्या शब्दांत सांगितल्यावर.

दुपारी सगळे प्लांटमध्ये गेलो. रिअॅक्टरच्या मॅनहोलमधून माल भरतात त्या फलाटावर एकाला उभं केलं आणि त्याचे डोळे रुमालाने बांधले. ‘डोळ्यांत कॉस्टिक उडालंय. जा पाण्याकडे.’ डोळे धुवायचा नळ दहा सेकंदांच्या चालीवर असावा असा दंडक आहे, कारण अल्कलीने डोळ्याच्या बाहुलीपुढचा पडदा फार झपाट्याने खराब होतो. हा माणूस तिथे दोन वर्षं काम करत होता. जिन्यापर्यंत नीट गेला, कठडा धरून उतरला, डावीकडे वळला आणि ड्रम ठेवलेल्या लाकडी पॅलेटवर त्याची नडगी आपटली. आदल्या रात्री आलेला माल कुणीतरी वाटेतच उतरवून ठेवला होता. तो चाचपडत वळसा घालून नळाशी पोचला तेव्हा मिनिट उलटून गेलं होतं. झडप ढकलली तर पाणी कढत. पाइप उघड्यावरून आणलेला, वर वैशाखाचं ऊन. अशा पाण्याखाली डोळा उघडा धरून पंधरा मिनिटं कोण उभं राहील?

कुणी हसलं नाही. बाईंनी त्याच्या डोळ्यांवरचा रुमाल सोडला, नडगी बघितली आणि सुपरवायझरला बोलावून पॅलेट तिथल्या तिथे हलवायला लावलं. जमिनीवर पिवळा पट्टा मारण्याचं आणि पाइपला आवरण घालण्याचं काम देखभाल विभागाच्या वहीत चढलं. प्रशिक्षण म्हणजे कामगाराला शिकवणं, एवढंच मी धरून चाललो होतो. इथे कामगाराच्या नडगीने कारखान्याला शिकवलं होतं.

परत खोलीत आल्यावर सकाळपासून गप्प बसलेला एक हेल्पर उभा राहिला. झारखंडचा, ठेकेदाराकडचा. ‘मॅडम, वो नंबरवाले पावडर का कागज़ कहाँ है?’ गोदामात नव्या पुरवठादाराकडून आलेल्या गोण्या होत्या, त्यांवर फक्त सांकेतिक क्रमांक छापलेला. धोक्याचं चित्र नाही, नाव नाही. दुसऱ्या पाळीत त्याला त्या फोडायच्या होत्या. बाईंनी फाइल चाळली. कागद नव्हता. त्यांनी तिथूनच उत्पादन विभागाला फोन लावला, माहितीपत्रक हातात येईपर्यंत गोणी फुटणार नाही असं सांगितलं. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं, माल पाठवायची तारीख, बॅचचा खोळंबा. बाई ऐकत होत्या आणि मध्ये मध्ये फक्त ‘नाही’ म्हणत होत्या.

बॅच थांबली. कागद दुसऱ्या दिवशी दुपारी आला. पावडर कातडीतून शोषली जाते, असं त्यात लिहिलं होतं. त्या कामासाठी ठरलेले सुती हातमोजे बाद झाले, धूळ उडू नये म्हणून गोणी फोडायची जागा हवा खेचणाऱ्या हुडाखाली हलवली गेली, आणि आधी त्या पाळीच्या माणसांना, मग तिसऱ्या पाळीच्या माणसांना तो कागद मराठी-हिंदीत समजावण्यात आला. तिसऱ्या पाळीला तो त्या हेल्परनेच समजावला, बाई शेजारी उभ्या होत्या.